पांढऱ्या मातीचा हात

सोमवारपासून टेकाडावरच्या खोदकामावर राखणदार म्हणून जाणार म्हणतोस, चेतिन. जा बाबा. काम काही वाईट नाही. खुर्ची देतात, बॅटरी देतात, चहाला किटली देतात. कुत्रं मात्र आपलं आपण न्यायचं. पण तुझ्या आधी तिथे कोण होता आणि तो गाव सोडून का गेला, हे तुला कुणी सांगितलंय का? नाही ना? मग बस. तुझं लग्न ठरलंय, म्हणजे तू तर ऐकूनच जा. तुम्हीही बसा रे पोरांनो, दार तेवढं लोटून घ्या. आणि मध्ये हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

तो राखणदार म्हणजे हिदायेत, माझ्या चुलतभावाचा मुलगा. माझ्या घराला भिंत लावून त्याचं घर. माणूस गोड, पण जिभेला हाड नाही. मनात आलं की तोंडात आलंच. त्याची बायको झेलिहा उलटी. बोलणार कमी, पण ऐकलेलं विसरणार नाही. आणि हात! अख्ख्या गावात पांढऱ्या मातीनं भिंत लिंपावी तर झेलिहानं. वसंतात हिदरेल्लेझचा सण आला की सगळ्या बायका कालव्यापलीकडच्या खाणीतून पांढरी माती आणतात, भिजवतात, घरं लिंपतात, ते तुम्ही बघताच. पण बाकीच्यांची भिंत ती भिंत, आणि झेलिहाची भिंत म्हणजे दुधावरची साय. तेवढी एकच गोष्ट होती, जिचा तिला अभिमान होता. मूलबाळ नव्हतं, माहेर लांब. नवरा आणि भिंत, एवढंच तिचं राज्य.

नवऱ्यावर तिचा फार जीव. आणि जीव तिथे मत्सर, हे तर आलंच. मी मत्सराला वाईट म्हणत नाही बरं का. ज्या बाईला नवऱ्यावरून मत्सर वाटत नाही, तिनं तो भाड्यानं आणलाय असं समजावं.

"कुणाच्या बायकोचं चाललंय हो?" 

बघा, तुमच्या सुलतानकाकूचे कान. झेलिहाचं चाललंय गं. तूच सांगितलेलं सांगतोय, तिखटमीठ न लावता.

तर २०२२ साल. त्या वर्षी रमजानची ईद आणि हिदरेल्लेझ एकाच आठवड्यात आले होते. मी त्या हंगामात टेकाडावर माती वाहायला जायचो. ईदेच्या तोंडावर नेरीमानबाईंना, खोदकामाच्या त्या मुख्य होत्या, एका फार जुन्या काळच्या घराच्या जमिनीखाली बाई सापडली. सांगाडा. गुडघे पोटाशी घेऊन निजलेली. तिथले लोक आपल्या माणसांना असेच घरातच पुरायचे, ज्या ओट्यावर झोपायचे त्याच्या खालीच. त्यात नवल नव्हतं. नवल हे की तिच्या कवेत एक डोकं होतं. तिचं नव्हे, तिचं तिच्या मानेवर होतं. हे दुसऱ्या कुणाचं, पुरुषाचं. आणि त्या कवटीवर पांढऱ्या मातीनं पुन्हा चेहरा लिंपलेला. नाक, मिटलेल्या पापण्या, गाल. जरा हाक मारली तर डोळे उघडेल असा.

नेरीमानबाई आम्हा सगळ्यांना जवळ बोलावून म्हणाल्या, "हा माणूस आधी गेला. पुरल्यावर काही काळानं याचं डोकं बाहेर काढलं आणि घरात ठेवलं. कडेला बघा, मातीवर माती आहे, आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये चुलीच्या धुराची काळी रेघ. म्हणजे घराच्या भिंती लिंपायच्या तेव्हा याचाही चेहरा पुन्हा लिंपायचे. कितीतरी वर्षं. मग ही गेली, तेव्हा याला तिच्या हातात दिलं."

"नवरा का बाई तिचा?" हिदायेतनं विचारलं.

"नवरा असेल, बाप असेल, भाऊ असेल. कोण सांगणार?"

हिदायेतला त्यातलं पहिलंच ऐकू आलं.

सुट्टी लागली, शहरातली मंडळी ईदेला आपापल्या घरी गेली. हाडं उचलायची जोखीम कुणी घाईत घेतली नाही. वर ताडपत्री घातली आणि हिदायेतला राखण सांगितली.

ईदेच्या दिवशी मी आणि तुमची काकू त्याच्याकडे गेलो. बकलावा पुढे आला, चहा आला, आणि चहाच्या आधी ती टेकाडावरची बाई आली.

"काका, तुम्ही सांगा हिला," हिदायेत म्हणाला. "नऊ हजार वर्षं! आणि नाकावर एक चीर नाही! काय हात असेल बाईचा. नाहीतर आमची ही भिंत बघा, गेल्या सालची, कोपऱ्यात पोपडे धरलेत."

झेलिहा चहा ओतत होती. वर न बघता म्हणाली, "मग तिलाच बोलव की लिंपायला. तू बोलावलंस तर नाही म्हणायची नाही."

"बोलावलं असतं. पण तिचे हात मोकळे नाहीत ना."

आम्ही सगळे हसलो. त्याला आणखी चेव आला.

"बायको असावी तर अशी. मेल्यावरसुद्धा नवऱ्याला सोडलं नाही. तू काय, मला खांद्यावरून नेलं की संध्याकाळी गादी उन्हात घालशील."

"संध्याकाळी ऊन कुठलं आलं?" झेलिहा म्हणाली. "सकाळीच घालीन."

पुन्हा हशा. झेलिहाही हसली. ती हसली तेव्हाच मला बरं वाटलं नाही.

पुढचं सगळं झेलिहानं तुमच्या काकूला सांगितलंय आणि काकूनं मला. मधल्या दोन गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात, त्या आल्या की सांगेन.

ईदेचा शेवटचा दिवस, बुधवार. संध्याकाळी झेलिहा नवऱ्याला जेवण पोचवायला निघाली. डब्यात गरम तारहाना सूप, युफ्का रोट्या, लोणचं, आणि ईदेचा उरलेला बकलावा. रोजचाच रस्ता. कालव्याच्या कडेनं, बीटाच्या शेतातून, टेकाडापर्यंत. बेडूक ओरडत होते. ती ठरवून आली होती की आज भांडायचं नाही, दोघांनी मिळून जेवायचं. मुद्दाम दोन चमचे घेतले होते तिनं.

राखणदाराच्या झोपडीत हिदायेत नव्हता. खाली खोदकामाच्या चरात उजेड दिसला.

ती काठावर जाऊन उभी राहिली. ताडपत्री बाजूला होती. हिदायेत मांडी घालून त्या बाईच्या उशाशी बसला होता, बॅटरी मांडीवर. आणि बोलत होता. हळू आवाजात. पाठ दुखते म्हणून सांगत होता. उजवीकडे खाली, रात्री कुशीवर वळता येत नाही, आपण म्हातारे व्हायच्या आत लंगडे होऊ की काय अशी भीती वाटते. एकदा तर म्हणाला, मूल झालं असतं तर बरं झालं असतं, पण हे घरी बोलायची सोय नाही.

पाठीचं त्यानं घरी कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मुलाचं तर नाहीच.

झेलिहानं हाक मारली नाही. डबा झोपडीच्या दारात ठेवला आणि ती आली तशी परत गेली. वाटेत तिला रडू आलं नाही. आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, असं मला नेहमी वाटतं.

अंगणात हिदरेल्लेझसाठी भिजवलेल्या पांढऱ्या मातीची बादली होती. ती घेऊन ती पुन्हा टेकाडावर आली. तोवर हिदायेत जेवून झोपडीत घोरत होता. राखणदार झोपत नाही असं कुठे लिहिलंय?

ते डोकं मोडायलाच गेली होती ती. हे ती कबूल करते. बादली घेतली होती ती कुणी हटकलं तर खाणीवरून आले म्हणून सांगायला. खाली उतरली, ताडपत्री उचलली, बॅटरी लावली. दगड हातात घेतला. आणि तो चेहरा तिनं पहिल्यांदा जवळून बघितला.

तिला मोडवेना. ज्याला काम कळतं त्याच्यानं दुसऱ्याचं चांगलं काम मोडवत नाही. हिदायेत खोटं बोलत नव्हता, हेच तिला जास्त लागलं. तिनं उजेड फिरवून फिरवून बघितलं, कुठे खोट सापडते का. आणि सापडली. डाव्या डोळ्याखाली, गालावर, केसाएवढी चीर.

"आली ना चीर?" झेलिहा त्या बाईला म्हणाली. "आली ना तुझ्याही कामाला चीर?"

असा आनंद तिला ईदेलाही झाला नव्हता. तिनं बादलीत हात बुडवला आणि त्या गालावर फिरवला. चीर गेली. मग दुसरा गाल तेवढाच नवा दिसेना म्हणून दुसरा. मग कपाळ. भुवईवरून अंगठा. ओठांवरून बोट. अख्खा चेहरा तिनं नव्यानं लिंपला, साय धरावी तसा. लिंपून झाल्यावर मागे सरकून बघितलं आणि म्हणाली, "आता सांग. कुणाचा हात?"

कुणी काही बोललं नाही.

बेडूकही नाही. ते केव्हा थांबले, तिला कळलं नव्हतं.

ताडपत्री ओढून ती घरी आली. डोकं त्या बाईच्या कवेतच होतं. तिनं ते जागचं हलवलं नव्हतं. हे तिनं काकूसमोर कुराणावर हात ठेवून सांगितलंय.

आता पोरांनो, तुम्हीच विचार करा. बायका भिंत कुणाची लिंपतात? आपल्या घराची. शेजारणीची भिंत तिला न विचारता लिंपली तर काय होईल? झिंज्या उपटतील एकमेकींच्या. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी वर्षं एकीचाच हात फिरला होता. थरावर थर, धुरावर धूर. आणि आमच्या झेलिहानं जाऊन वर आपला हात फिरवला. तिला वाटलं आपण त्या बाईला हरवलं. त्या बाईला काय वाटलं असेल?

गुरुवारी सकाळी मंडळी परत आली. ताडपत्री मीच उचलली. ही माझी पहिली गोष्ट, डोळ्यांनी बघितलेली.

कव रिकामी होती.

डोकं चराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. घरंगळत गेलेलं नाही. नीट बसवलेलं, तोंड भिंतीकडे करून. उष्टं ताट सरकवावं तसं तिनं ते सरकवलं होतं. मी 'तिनं' म्हणतोय, कारण त्या टोकाच्या मातीत पावलाचा ठसा कुणाचाच नव्हता, येणाराही नाही आणि जाणाराही नाही. तिचे हात मात्र तसेच, वाकवलेले. मध्ये जागा. एका डोक्यापुरती.

नेरीमानबाई खाली बसल्या. ओल्या मातीला बोट लावलं, हुंगलं, आणि हिदायेतकडे बघितलं. त्यानं आईची शपथ घेतली, बापाची घेतली. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हिदायेत, तू आज घरी जा."

म्हणून त्या रात्री तो घरी होता. कितीतरी दिवसांनी.

पाच मे, गुरुवारची रात्र. उजाडल्यावर शुक्रवार आणि हिदरेल्लेझ. शुक्रवारच्या आदल्या रात्री गेलेली माणसं आपापलं घर बघायला येतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आणि हिदरेल्लेझच्या रात्री बायका गुलाबाच्या झाडाखाली नवस बोलतात. झेलिहाही बोलली. माझा माणूस माझ्याजवळ राहू दे. नवऱ्याची नोकरी जायची वेळ आली होती, पण ही मनातून खूश होती. त्याच्या पाठीला तिनं गरम वीट दिली. त्यानं विचारलं, "तुला कसं कळलं पाठीचं?" ती म्हणाली, "मला नाही कळणार तर कुणाला?" दोघं झोपली.

चंद्राची कोर मावळली होती तेव्हा तिला जाग आली.

ओल्या मातीचा वास.

तिला वाटलं, बादली. पण बादली तर तिनं रिकामी करून विहिरीपाशी पालथी घातली होती.

मग आवाज.

स्स्स... 

थांबला.

स्स्स...

हा आवाज झेलिहाला स्वतःच्या श्वासापेक्षा ओळखीचा. ओल्या लिंपणावरून फिरणारा तळवा. घाई नाही. एकदा खाली. एकदा वर. मग बोटांनी कड.

खोलीत काही दिसत नव्हतं. तिनं हात लांब केला. हिदायेतचा दंड लागला. ऊबदार. बरं वाटलं. हात वर सरकवला. खांदा. मान.

मग गार.

गार, ओलं, गुळगुळीत. तिथे गाल असायला हवा होता...

आणि त्या गालावर दुसरा हात होता.

तिच्या तळव्याखाली. लहानसा. कामानं घट्ट झालेला. तो थांबला. मागे गेला नाही. झेलिहालाही हात उचलता येईना. दोघींचे हात तसेच. एकावर एक.

... 

मग त्या हातानं झेलिहाचा हात बाजूला सारला. रागानं नाही. हळूच. आपल्या कामात कुणी मध्ये आलं की सारतो ना, तसा.

आणि पुन्हा... स्स्स...

झेलिहा किंचाळली ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. मी आणि तुमची काकू अनवाणी धावलो. ही माझी दुसरी गोष्ट. दिवा लागलेला. खोलीत तिसरं कुणी नाही, खिडकीला आतून कडी. हिदायेत उताणा. हात पोटावर. आणि चेहरा... चेहरा नव्हताच. म्हणजे होता. पांढरा. नाक त्याचं, कपाळ त्याचं. पापण्या मिटून लिंपलेल्या. ओठ लिंपलेले. नाकपुड्या लिंपलेल्या. फार सुंदर काम होतं, पोरांनो. खोटं कशाला बोलू?

झेलिहा त्याच्या छातीवर बसून नखांनी ओरबाडत होती. मी चमचा घेतला. पहिला पापुद्रा निघाला. खाली काळी रेघ. धुराची. तिच्याखाली पुन्हा पांढरं. पुन्हा काळं. पुन्हा पांढरं. एका रात्रीत नव्हे, एका जन्मात चढतील एवढे थर. झेलिहा ओरडत होती, "माझा आहे! माझा आहे तो, ऐकलंस?" ती कुणाला सांगत होती, ते आम्ही विचारलं नाही.

शेवटी नाक मोकळं झालं. त्यानं श्वास घेतला. आधी एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. काकूनं पाणी मारलं. त्यानं डोळे उघडले, झेलिहाकडे बघितलं आणि पहिला शब्द काय बोलला माहितीय?

म्हणाला, "कशाला उठवलंस?"

झेलिहानं हातातला पापुद्रा खाली ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ मार खाल्लेली माणसं बघितलीत. तसं तोंड पुन्हा बघितलं नाही.

आठवड्याच्या आत त्यांनी घर बंद केलं. आता कोन्या शहरात राहतात, पाचव्या मजल्यावर, सिमेंटच्या भिंती, रंग डब्यातला. हिदायेत एका शाळेचा शिपाई आहे. बडबड कमी झालीय. ती बाई आणि ते डोकं पेटीत घालून शहरात नेलं. एका पेटीत की दोन, मला माहीत नाही, आणि मी विचारायला जाणार नाही.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्याच्या कामानं गेलो तेव्हा एक रात्र त्यांच्याकडे राहिलो. हिदायेतला दाढी आहे आता, चांगली दाट. पण डाव्या गालावर एवढी जागा मोकळी. डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत, खाली रुंद, वर पाच फाटे. तिथे केसच उगवत नाही. हिदायेत म्हणाला, न्हावी म्हणतो, काका, तिथे वस्तरा काचेवरून जावा तसा जातो. झेलिहानंच चहा ठेवता ठेवता नवऱ्याच्या गालावर आपला पंजा ठेवून मला दाखवलं. तिची बोटं चारी बाजूंनी बाहेर आली.

"माझा नाही," ती म्हणाली. हिदायेत खिडकीबाहेर बघत होता.

तो झोपायला गेल्यावर ती म्हणाली, "काका, मी रोज रात्री तिथे हात ठेवून झोपते. घट्ट. भांडायचं तर भांड म्हणते तिला, पण समोर ये. ती येत नाही. कुणीच येत नाही. माझी झोपही मोडत नाही. एकदा तरी सकाळी माझा हात तिथेच सापडावा, काका. एकदा तरी."

मी म्हटलं, झोपेत माणूस हलतो, पोरी.

पहाटे मात्र मला उठवायला ती अंथरुणातून उठली नाही. त्यांच्या खोलीचं दार रात्रीपासून उघडंच होतं, तिथूनच तिनं हळू आवाजात हाक मारली, "काका, या. बघा." मी दारात उभा राहिलो. झेलिहा अंथरुणात होती, जागी झाली तशीच, जराही न हलता. हिदायेत गाढ झोपेत, तोंडावर लहान मुलाचं समाधान. झेलिहाचा हात तिच्याच छातीवर होता. कुणीतरी नीट ठेवलेला. बोटं एकाशेजारी एक मिटवून, जशी मयताची मिटवतात.

आणि हिदायेतची सगळी दाढी कोरडी होती. गालावरची तेवढीच पाच बोटांची जागा... ओली.